डबा न उघडता त्याची नक्कल

‘स्नॅपशॉट घेतलाय की, मग बॅकअप कशाला?’ असं मीही माझ्या व्हर्च्युअल मशीनींबद्दल म्हणत असे. (स्नॅपशॉट म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती, जिथे हवं तेव्हा परतता येतं.) मग एकदा जागा संपली म्हणून जुनाट दिसणारी ४० जीबीची एक फाइल उडवली आणि तिच्यावर उभे असलेले तीनही स्नॅपशॉट एका फटक्यात गेले.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटातला संगणक. कल्पना १९६०च्या दशकातली, आयबीएमच्या मेनफ्रेमवरची. आता डेस्कटॉपवर तिचा उपयोग भिंती घालायला होतो: बँकेचं काम एका मशीनमध्ये, अनोळखी अटॅचमेंट दुसऱ्यात. क्यूब्स ओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम तर याच तत्त्वावर बेतलेली आहे.

आतल्या मशीनला जी आख्खी डिस्क वाटते, ती बाहेरून बहुधा एक भलीमोठी फाइल असते. क्यूकाउ२ (qcow2) या प्रकारच्या डिस्क-फाइलचे साधारणपणे ६४ केबीचे तुकडे पाडलेले असतात. (नावातल्या ‘काउ’चा गायीशी संबंध नाही, ‘कॉपी ऑन राइट’ची ती आद्याक्षरं.) त्या दिवशी मी वापरत होतो त्या पद्धतीत स्नॅपशॉट घेतला की जुनी फाइल गोठते आणि तिच्यावर जवळजवळ रिकामी नवी फाइल बसते. समजा, आतल्या मशीनने ५०००व्या तुकड्यातला थोडासा मजकूर बदलला. मग त्या तुकड्याचा उरलेला भाग खालून वाचला जातो, बदल त्यात मिसळतो, पूर्ण तुकडा वरच्या फाइलमध्ये उतरतो आणि तक्त्यात नोंद होते: ५००० आता इथे. वाचताना आधी वरचा तक्ता बघायचा, नोंद नसेल तर एक मजला खाली उतरायचं. स्नॅपशॉट क्षणात होतो तो यामुळेच. त्याने काही कॉपी केलेलंच नसतं. तळमजला पाडला की वरचे मजले कशावर राहणार?

म्हणजे खरी प्रत हवी. पण ती घ्यायची कोणी? प्रत्येक मशीनने आपली आपण घेतली, तर बॅकअपची किल्ली प्रत्येकीच्या हाती जाते. त्यातली विषाणू लागलेली मशीन जुन्या प्रतीही पुसू शकते. म्हणून प्रत होस्टने, म्हणजे या मशीनी ज्याच्या पोटात चालतात त्या बाहेरच्या संगणकाने घ्यावी. इथे मोह होतो तो आतली डिस्क होस्टवर माउंट करून, म्हणजे पेनड्राइव्हसारखी जोडून, हव्या तेवढ्याच फाइली उचलण्याचा. तो टाळा. त्या डिस्कवरची फाइल सिस्टीम, म्हणजे फाइलींची मांडणी, आतल्या, कदाचित बिघडलेल्या, मशीनने लिहिलेली असते. मुद्दाम वेडीवाकडी रचलेली फाइल सिस्टीम वाचताना होस्टच्या कर्नलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातली, एखादी चूक उघडी पडली, तर भिंतीला भगदाड आपणच पाडलं. डबा न उघडता, आत काय आहे ते न बघता तुकडेच्या तुकडे उचलायचे.

मग दर वेळी ४० जीबी? नाही. प्रत्येक तुकड्यामागे एक बिट, म्हणजे ० किंवा १ची एक खूण, ठेवायचा. तुकडा बदलला की बिट १. चाळीस जीबीत ६४ केबीचे ६,५५,३६० तुकडे, म्हणजे सगळी नोंदवही अवघ्या ८० केबीची! पुढच्या वेळी फक्त १ असलेले तुकडे उचलायचे. मला हा हिशेब अजूनही जादूसारखा वाटतो. मशीन चालू असताना घेतलेली प्रत मात्र वीज अचानक गेल्यावरच्या डिस्कसारखी असते. जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंद, ठेवणारी फाइल सिस्टीम त्यातून बहुतेकदा सावरते, पण मशीन बंद करून प्रत घेणं सगळ्यात सोपं.

सगळ्याच मशीनींची प्रत लागत नाही. क्यूब्समध्ये नेहमीच्या कामाच्या मशीनची सिस्टीम डिस्क टेम्प्लेटवरून, म्हणजे एका सामायिक साच्यावरून, येते आणि तीतले बदल बंद होताना टाकून दिले जातात. जपायचा तो तुमच्या फाइलींचा खासगी भाग. एकदाच वापरून फेकायच्या मशीनींचं तर काहीच ठेवायचं नाही.

प्रत होस्टवरच एन्क्रिप्ट करा आणि काम झालं की ड्राइव्ह काढून ठेवा. जाहिरातीतलं ‘लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन’ म्हणजे बहुधा एईएस-२५६ ही प्रचलित कूटपद्धत, फुकटच्या साधनांतही असतं तेच. आणि कायम जोडलेला ड्राइव्ह रॅन्समवेअर (खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर) तुमच्या कामाच्या डिस्कसोबतच कुलूपबंद करतं.

शेवटी, प्रत वेगळ्या नावाने, नेटवर्क तोडून चालू करून बघा. मी बघितली तेव्हा विंडोजच्या मशीनने बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की मागितली. डिस्क जपली होती; त्या कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्या आभासी टीपीएम चिपची छोटीशी फाइल शेजारच्याच फोल्डरमध्ये राहिली होती.