दाऊ (इंग्रजी सर्वनाम)

दाऊ (thou) हे इंग्रजीतील जुने द्वितीय पुरुषी एकवचनी सर्वनाम. अर्थ अगदी सरळ, ‘तू’. कर्माच्या जागी त्याचे रूप ‘दी’, तर ‘तुझा’ या अर्थी ‘दाय’ किंवा ‘दाइन’. क्रियापदही त्याच्यासाठी वेगळे होई: दाऊ आर्ट (तू आहेस), दाऊ हॅस्ट (तुझ्याकडे आहे). अनेकांना उद्देशून कर्त्यासाठी ‘यी’ आणि कर्मासाठी ‘यू’ वापरत. आजचे सर्वव्यापी ‘यू’ हे मुळात अनेकवचनी कर्माचे रूप.

जुन्या इंग्रजीत हा फरक निव्वळ वचनाचा होता. एकट्या राजालाही दाऊच म्हणत. दोघांसाठी वेगळे द्विवचनही होते, ते तेराव्या शतकापर्यंत लोपले. १०६६ मध्ये फ्रान्समधील नॉर्मंडीहून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि फ्रेंच ही दरबाराची भाषा झाली. तिच्या प्रभावाने तेराव्या शतकापासून एकट्या मोठ्या माणसाला अनेकवचनाने संबोधण्याची रीत इंग्रजीत रुळू लागली. दाऊ मग लहानांसाठी, नोकरांसाठी, जिवलगांसाठी आणि देवासाठी राहिले. भांडणातही ते हमखास बाहेर पडे. १६०३ मध्ये विंचेस्टरला सर वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक याने भर न्यायालयात ‘दाऊ’ हेच क्रियापद करून रॅलीवर फेकले. आपण ‘अरेतुरे करणे’ म्हणतो, नेमके तेच.

सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्स व त्याच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथातील अनुयायांनी गरीब-श्रीमंत न पाहता सर्वांना दाऊ म्हणायला सुरुवात केली. एकट्या माणसाला अनेकवचन लावणे त्यांना खोटेपणाचे आणि अहंकाराला खतपाणी घालणारे वाटे. या एका सर्वनामापायी त्यांनी अपमान सोसले, प्रसंगी मारही खाल्ला. त्यांची ही निष्ठा खरोखर आदरास पात्र आहे. पण समाज उलट दिशेने गेला. कोणाला दुखवायला नको म्हणून जो तो ‘यू’ म्हणू लागला आणि अठराव्या शतकाच्या आरंभी प्रमाण बोलीतून दाऊ जवळजवळ गेले.

ते टिकले प्रार्थनेत. १६११ च्या बायबल भाषांतरात दाऊ एकासाठी आणि यी अनेकांसाठी, असा भेद काटेकोर पाळला आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशू आपला शिष्य सायमन याला सांगतो की सैतानाने ‘तुम्हांला’ मागितले, पण मी ‘तुझ्यासाठी’ प्रार्थना केली. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे यूच येते. मराठीत हा भेद आपोआप राहतो. पुढे दाऊ केवळ चर्चमध्येच कानी पडू लागल्याने ते भारदस्त, आदरार्थी रूप असल्याचा समज पसरला. तो चुकीचा आहे. तुकोबा विठ्ठलाला ‘तू’ म्हणतात, तीच सलगी या शब्दात होती.

उत्तर इंग्लंडात, विशेषतः यॉर्कशरमध्ये, ते ‘दा’ या रूपात अजून ऐकू येते. तिथल्या शेफील्ड शहरातले लोक दी आणि दाचा उच्चार ‘डी’, ‘डा’ असा करतात, म्हणून आसपासच्या गावांत त्यांना ‘डी-डा’ असे टोपणनाव पडले आहे.