बैलगाडी शर्यतीतील ड्रायव्हर (सातारा-सांगली)

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या बैलगाडी शर्यतींत हलक्या, दोन चाकी छकड्यावर बसून बैलजोडी पळवणारा माणूस. मैदानावर त्याला ड्रायव्हर किंवा छकडा ड्रायव्हर म्हणतात. बातम्यांत कधी जॉकी असा उल्लेख येतो, जुनी माणसे अजून गाडीवान म्हणतात. एके काळी हे काम मालक स्वतः, त्याचा भाऊ किंवा घरचा गडी करत असे. आता बहुतेक मोठ्या मैदानांत ड्रायव्हर हा पैसे घेऊन वेगवेगळ्या मालकांच्या गाड्या पळवणारा स्वतंत्र माणूस असतो. नाव बैलाचे होते, बक्षीस मालकाच्या घरी जाते. आखलेल्या पट्टीत जोडी सरळ ठेवणारा हात मात्र ड्रायव्हरचाच असतो.

शर्यतीचा प्रकार

महाराष्ट्रात बैल पळवण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या भागांत चढणीच्या घाटात बारी होते. चार बैलांचा गाडा एकटाच धावतो, पुढे घोडी असते आणि सेकंद मोजले जातात. तिथे गाड्यावर माणूस बसत नाही, त्यामुळे या नोंदीतला ड्रायव्हर त्या शर्यतीत नसतो. विदर्भातल्या शंकरपटात गाडी हाकणारा धुरकरी असतो, पण निकाल घड्याळच देते. साताऱ्याकडे पाच-सात गाड्या एकदम सुटतात आणि जिचे बैल आधी रेषा ओलांडतील ती गाडी जिंकते. शेजारच्या गाडीची धूळ तोंडावर घेत पळायचे असल्याने इथे माणसाच्या कसबाला जास्त वाव आहे.

माळावर समांतर पट्ट्या आखलेल्या असतात, त्या चाकोऱ्या. चिठ्ठ्या टाकून गट पाडतात. गटात पहिली आलेली गाडी सेमीला जाते, सेमीतली फायनलला. चाकोरी सोडून दुसऱ्याच्या पट्टीत गेलेली गाडी बाद होते. बैलांच्या दातांवरून वर्ग ठरतात. दुधाचे दात न पाडलेला तो आदत, कायमचे दोन दात आलेला दुसा, चार दातांचा चौसा, आणि ज्यात सगळेच पळू शकतात तो ओपन. दोन दात साधारण अडीच वर्षांच्या सुमारास येतात, म्हणजे आदत मैदानात पळणारे खोंड खरोखर कोवळे असते. अशा खोंडांची गाडी पळवणे हे ओपनपेक्षा सोपे, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात कच्चा बैल कुठे वळेल याचा नेम नसल्याने आदतची गाडी अधिक अवघड असते.

मिरज आणि कवठेमहांकाळच्या बाजूला, कोल्हापूरकडच्या वळणाने, रस्त्यावरून किंवा माळावरून लांब पल्ल्याच्या शर्यतींचीही जुनी चाल आहे. तिथे बैलाचा दम राखून ठेवावा लागतो. चाकोरीत तेवढा अवधीच मिळत नाही.

दोन्ही जिल्ह्यांत पळणारा बैल खिल्लारच. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांत ही चपळ, काटक जात पोसली गेली. आटपाडी महाल आणि म्हसवड ही तिच्या प्रकारांचीच नावे आहेत. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या आणि पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतले जनावरांचे बाजार खिल्लारसाठी प्रसिद्ध आहेत. ट्रॅक्टर आल्यावर शेतात बैलाचे काम उरले नाही, तरी दारात खिल्लार टिकून आहे ते बऱ्याच अंशी शर्यतीमुळे. सातारा-पंढरपूर रस्त्यावरच्या पुसेगावात सेवागिरी यात्रेच्या वेळी होणारे हिंदकेसरी मैदान या भागात सर्वांत मानाचे समजतात. तिथे फायनलला गाडी नेली एवढ्यावर ड्रायव्हरची वर्षभराची बोलणी होतात.

तयार होणे

ड्रायव्हर होण्याची शाळा नाही, परवाना नाही, क्रमवारीही नाही. मोटर शर्यतीत उतरणाऱ्याला निदान एफएमएससीआय या देशातल्या मोटर क्रीडा संघटनेचा परवाना काढावा लागतो. इथे मालकाचा विश्वास हाच परवाना. वाट बहुधा दावणीपासून सुरू होते. पोरगा आधी वैरण टाकतो, मग बैल फिरवायला नेतो, विहिरीवर किंवा तळ्यात पोहायला घालतो, मैदानाला जाताना टेम्पोत जनावराशेजारी बसून जातो. सुरुवातीच्या रेषेवर बैल धरून उभे राहण्याचे काम त्याला लवकर मिळते, आणि खरे शिक्षण तिथेच होते. कोणता बैल लोकांना बुजतो, कोणता लाऊडस्पीकरच्या आवाजाने आधीच उसळ्या मारतो, कोणता जोडीदार पुढे गेल्याशिवाय पाय उचलत नाही, हे त्याला तिथे जवळून दिसते.

नंतर सरावाच्या फेऱ्यात त्याला छकड्यावर बसवतात. रीत अशी की एका बाजूला जाणता बैल आणि दुसरीकडे नवखा. बैल नवखा असेल तर ड्रायव्हर जुना आणि ड्रायव्हर नवा असेल तर दोन्ही बैल जुने, एवढे पथ्य शहाणा मालक पाळतो. बहुतेक बैलांना एक खांद ठरलेली असते. डावीकडे जुंपायची सवय लागलेला बैल उजवीकडे टाकला की अवघडतो. दोन्ही खांदांना पळणारा बैल मिळाला तर त्याला भाव जास्त.

अंगकाठीला महत्त्व आहे. वजन कमी हवे, पण नुसता हडकुळा मुलगा उपयोगाचा नाही. दोन खिल्लार एकदम झेपावले तर कासरा धरलेल्या हाताला आणि पाठीला बसणारा हिसका सोसता आला पाहिजे. छकडा मुद्दाम हलका बनवलेला असतो. त्यावर आरामात बसायला जागा नसते. ड्रायव्हर उकिडवा, पुढे झुकून, पाय घट्ट रोवून बसतो. जमीन हातभर खाली असते आणि बैलांच्या मागच्या खुरांनी उडालेले खडे थेट तोंडावर येतात. गॉगल लावणारे अलीकडे दिसू लागले. हेल्मेट घालणारा क्वचित, आणि घातलेच तर त्याची टिंगल होते. ही टिंगल बंद व्हायला हवी.

धावेतले कसब

धाव काही सेकंदांचीच असते. तिचा निम्मा निकाल सुरुवातीलाच लागतो. झेंडा पडण्याआधी दोन्ही बैलांचे तोंड सरळ, जू समान आणि कासरा सारखा ताणलेला हवा. धरणारे एक बैल आधी आणि दुसरा क्षणभर उशिरा सोडतात तेव्हा गाडी तिरकी निघते आणि पुढची सगळी धाव ती सरळ करण्यात जाते. म्हणून जाणते ड्रायव्हर आपली धरणारी माणसे सोबत घेऊन फिरतात.

मधल्या टप्प्यात त्याला दोन बैलांच्या वेगातला फरक भरून काढायचा असतो. जोरकस बैल जू पुढे ओढतो आणि गाडी मंद बैलाच्या बाजूला वळू लागते. अशा वेळी पुढच्याला आवरले तर वेग जातो, मागच्याला उठवले तर तो बिथरून चाकोरी सोडू शकतो. कासऱ्याची हलकी ओढ, अंगाचा भार एका बाजूला टाकणे आणि आवाज, एवढीच साधने. प्रत्येकाची हाक वेगळी असते आणि रोजच्या सरावातला आवाज बैल ओळखतो. नव्या ड्रायव्हरला पहिल्याच मैदानात जोडी साथ देत नाही, याचे हे एक कारण. शेवटच्या टप्प्यात प्रेक्षकांचा गलका आणि समालोचकाचा भोंगा यांत त्याची हाक बुडून जाते. तिथपर्यंत जोडी सरळ आणली असेल तर मग बैलच गाडी नेतात. निकाल अगदी चुरशीचा असेल तर आता कॅमेऱ्यावर पाहून देतात. पूर्वी यावरून मैदानात होणाऱ्या मारामाऱ्या त्यामुळे पुष्कळ कमी झाल्या.

रेषा ओलांडल्यावर काम संपत नाही. पुढे मोकळा माळ ठेवलेला असला तरी सुसाट जोडी थांबवणे हा वेगळाच प्रकार आहे, आणि बरेच अपघात तिथेच होतात.

पैरा, मालक आणि पैसा

एकाच मालकाचे दोन्ही बैल पळतातच असे नाही. दोन मालक आपापला एक बैल घालून जोडी करतात, त्याला पैरा म्हणतात. शेतीत एकेक बैल असलेले शेतकरी नांगरटीला पैरा करत, तीच पद्धत मैदानात आली. बक्षीस एक आणि मालक दोन, त्यामुळे वाटणीची बोली आधीच झालेली बरी. ड्रायव्हर कोणाचा, हा प्रश्न त्याच बोलीत येतो. कधी बैलामागे ड्रायव्हर येतो, म्हणजे अमुक बैल हवा असेल तर छकड्यावर अमुकच माणूस बसेल, अशी अट असते. उलटही घडते. नाव असलेला ड्रायव्हर कोणत्या दोन बैलांचा मेळ बसेल हे सांगतो आणि मालक त्याच्या शब्दावर पैरा जुळवतात. या टप्प्याला पोहोचलेला माणूस हाकणारा राहत नाही, सल्लागार होतो.

कमाईची रचना साधी आहे: मैदानामागे ठरलेले पैसे, जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च, आणि गाडी फायनलला लागली तर मालक देईल तो वाटा. हा शेवटचा भाग बहुधा तोंडी असतो आणि रुसवेफुगवे त्यावरूनच होतात. एकाच दिवशी तो वेगवेगळ्या गटांत दोन-तीन मालकांच्या गाड्या पळवू शकतो. दोन्ही गाड्या गट पास होऊन एकाच सेमीत आल्या तर मात्र एक निवडावी लागते, आणि ज्याची सोडली तो मालक पुढच्या वर्षी बोलावेलच असे नाही.

मोठ्या मैदानांची बक्षिसे आता मोटारींपर्यंत गेली आहेत. खानापूर तालुक्यातल्या भाळवणीत डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटील यांनी भरवलेल्या रुस्तुम-ए-हिंद मैदानात पहिल्या क्रमांकाला थार गाडी होती. ती बकासुर आणि महिब्या या जोडीने जिंकली. दोन्ही बैलांची नावे गावोगावच्या पोरांना पाठ आहेत. त्या दिवशी छकड्यावर कोण होते, हे विचारले तर बहुतेकांना आठवावे लागेल.

बंदीची वर्षे

ड्रायव्हरच्या पेशात सर्वांत मोठा खंड न्यायालयीन बंदीने पडला. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने खेळ-प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूसोबत बैलगाडी शर्यतींवरही बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतःचा सुधारणा कायदा केला, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे मैदाने भरली नाहीत. या काळात चोरून शर्यती झाल्या, गुन्हे दाखल झाले, आणि छकड्यावरचा माणूस सहज ओळखू येत असल्याने तो त्यांत हमखास सापडे. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे गावी आमदार गोपीचंद पडळकर यांनी शर्यत जाहीर केली. पोलिसांनी मोठा बंदोबस्त लावला, तरी भल्या पहाटे वाक्षेवाडीच्या पठारावर गाड्या पळाल्या.

१६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली. त्यानंतरच्या अगदी पहिल्या शर्यतींपैकी एक जानेवारी २०२२ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या नांगोळे इथे झाली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तमिळनाडू आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

मधली सात-आठ वर्षे ही एका ड्रायव्हरच्या उमेदीचा निम्मा काळ. काहींनी ट्रकचे स्टिअरिंग धरले, काही ऊसतोडीच्या वाहतुकीला गेले. २०२२ मध्ये मैदाने सुरू झाली तेव्हा बैल नवे होते आणि ड्रायव्हरही बरेचसे नवे. जुन्यांकडून हातात हात धरून शिकण्याची साखळी तिथे तुटली. आजच्या पुष्कळ तरुण ड्रायव्हरांनी बरेचसे मोबाइलवर शर्यती पाहून उचलले आहे, आणि ते त्यांच्या हाताळणीत दिसते.

चाबकाविना

परवानगीच्या अटींनुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी लागते, धावपट्टी १००० मीटरहून लांब चालत नाही आणि ड्रायव्हरला चाबूक, काठी किंवा विजेचा धक्का देणारे साधन वापरता येत नाही. कायदा मोडून बैलाला इजा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या पिढीचे बरेच कौशल्य चाबकाभोवती होते. तो किती मारायचा यापेक्षा कधी उगारायचा, यावर त्यांची ख्याती असे. चाबूक गेल्यावर बैल पळतच नाहीत, ही त्या काळची ओरड मैदानांनीच खोटी पाडली. पळण्याची हौस असलेला बैल निवडणे आणि त्याला आवाजाची सवय लावणे, याला उलट अधिक किंमत आली. नियम सगळीकडे काटेकोर पाळले जातात असे म्हणता येणार नाही. लहान गावच्या मैदानात पंचांची नजर बरीच सैल असते. मात्र थेट प्रक्षेपण होणाऱ्या मैदानात काठी उगारली तर गाडी बाद होतेच, शिवाय तो तुकडा रात्रीत सगळीकडे फिरतो.

इजा आणि नंतरचे दिवस

छकडा उलटणे, चाकाखाली पाय येणे, खांदा निखळणे, मनगट मोडणे या नेहमीच्या इजा. उपचाराचा खर्च मालक करतो, पण तो रिवाज आहे, करार नाही. विमा काढलेले ड्रायव्हर कमी. मोठ्या मैदानात रुग्णवाहिका उभी असते, ती गर्दीतून बाहेर काढणे हीच अडचण. तिशी-पस्तिशीच्या पुढे गुडघे आणि कंबर बोलू लागली की बहुतेक जण छकड्यावरून उतरतात. कोणी झेंडा पंच होतो, कोणी समालोचनात शिरतो. ज्याची नजर चांगली त्याला खरसुंडी-पुसेगावच्या बाजारात खोंड पारखायला मालक सोबत नेतात. बाजारात तो खोंडाची चाल, खुराची ठेवण आणि डोळा पाहतो. मग दाताला हात घालतो. किमतीबद्दल तो तिथे उघड बोलत नाही, मालकाशी रुमालाखाली बोटांनीच बोलतो.