सुपर नोव्हा: फॉर्म्युला ३००० चे चार चॅम्पियन घडवणारी टीम कशी विरली

मोंटोया, वेबर, बुर्दे ही नावं एफवन बघणाऱ्यांना तोंडपाठ असतात, पण हे तिघंही एफवनच्या एक पायरी खालच्या फॉर्म्युला ३००० या सिरीजमध्ये ज्या टीमच्या गाडीत बसले त्या सुपर नोव्हाचं नाव आता कुणी काढत नाही, आणि मला ते मनापासून खटकतं.

टीम इंग्लंडातल्या नॉर्फोकची, मालक डेव्हिड सिअर्स. त्याचे वडील जॅक सिअर्स म्हणजे १९५८ ची पहिलीवहिली ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप जिंकलेले. तीही कशी, तर सीझनच्या शेवटी टॉमी सॉपविथशी पॉइंट्सची बरोबरी झाली, मग ब्रँड्स हॅचला दोन सारख्या रायली गाड्या आणून दोघांना पळवलं, गाड्यांची अदलाबदल करून परत पळवलं, आणि सिअर्स १.६ सेकंदांनी जिंकले. हे मुद्दाम सांगतोय, कारण सारख्याच गाडीतून फरक काढणं हेच पुढे मुलाच्या टीमचं बलस्थान ठरलं.

१९९५ मध्ये व्हिन्सेंझो सोस्पिरी फॉर्म्युला ३००० चा चॅम्पियन झाला, दुसरा आला रिकार्डो रोसेट, दोघंही सुपर नोव्हाचेच. पुढे १९९७ ला मास्टरकार्ड लोला नावाची नवी एफवन टीम आली तिनेही हीच जोडी घेतली, पण गाडी इतकी कच्ची होती की मेलबर्नला क्वालिफायिंगमध्ये सोस्पिरी पोलपेक्षा, म्हणजे सगळ्यात वेगवान लॅपपेक्षा, ११.६ सेकंद मागे, रोसेट १२.७, दोघांनाही रेसमध्ये उतरताच आलं नाही आणि ब्राझीलच्या रेसआधी टीमच गुंडाळली गेली. तेच दोघं, फक्त गाडी वेगळी. ड्रायव्हरच्या मागे कोण उभं आहे यावर किती अवलंबून असतं ते इथं लख्ख दिसतं.

१९९६ पासून खर्च आटोक्यात ठेवायला सगळ्यांना एकच गाडी दिली, लोलाची चॅसी, झायटेकचं इंजिन, एव्हॉनचे टायर. मग टीमच्या हातात काय उरलं? विंगचा अँगल, गाडीची उंची, डॅम्पर, टायर प्रेशर, आणि ड्रायव्हर 'मागचं टोक सरकतंय' म्हणाला की नक्की कुठला स्क्रू किती फिरवायचा हे कळणारा इंजिनिअर. यात सुपर नोव्हाचा हात धरणारं फार कमी होतं. १९९६ ला केनी ब्रॅकचं टायटल हॉकेनहाइमच्या शेवटच्या रेसमध्ये यॉर्ग म्युलरशी धडक झाल्यामुळे गेलं, पण १९९७ ला रिकार्डो झोंटा चॅम्पियन, १९९८ ला मोंटोया. फ्रान्समधल्या पाऊ शहराच्या अरुंद रस्त्यांवर त्या वर्षी मोंटोयाने अख्ख्या फील्डला एक लॅप मागे टाकलं!

१९९९ ला जेसन वॉट दुसरा आला आणि त्याच वर्षाच्या शेवटी मोटरसायकल अपघातात कमरेखालून अधू झाला. एफवनचं दार तिथंच बंद झालं, तरी पठ्ठ्याने हाताने चालवायच्या कंट्रोल्सवर २००२ ची डॅनिश टूरिंग कार चॅम्पियनशिप जिंकली. २००१ ला वेबर दुसरा. २००२ ला बुर्दे चॅम्पियन, आर्डन टीमचा टोमाश एंगे ड्रग टेस्टमध्ये अडकला आणि त्याचा हंगेरीचा विजय काढून घेतला म्हणून.

आता घसरण. ज्युनियर टीमकडे विकायला सीटशिवाय काही नसतं. ड्रायव्हर आपले स्पॉन्सर घेऊन येतो, त्याच पैशावर टीम चालते, आणि तो वर्ष-दोन वर्षांत निघून जातो, चांगला असेल तर वर, नसेल तर घरी. म्हणजे दर हिवाळ्यात परत शून्यापासून. जिंकत असता तोवर चांगली पोरं दारात येतात, एकदा मागे पडलात की ती दुसरीकडे जातात आणि मग मागेच पडत राहता. २००५ ला फॉर्म्युला ३००० संपून जीपी२ आलं, नवी डल्लारा गाडी, नवं इंजिन, जुन्या गाडीच्या सेटिंगची नोटबुकं बिनकामाची. सुपर नोव्हाने रेस जिंकल्या, अ‍ॅडम कॅरलने, लुका फिलिप्पीने, अल्वारो पारेंतेने तर २००८ ला बार्सिलोनात पहिल्याच रेसमध्ये, पण टायटल एकदाही नाही. तोवर रोसबर्ग, हॅमिल्टनसारखी मुलं एआरटी या दुसऱ्या टीमकडे जायला लागली होती. मधल्या काळात ए१जीपी या देशादेशांमधल्या सिरीजमध्ये सुपर नोव्हा अनेक देशांच्या गाड्या चालवत होती, २००९ ला ती सिरीजच बंद पडली आणि तेही काम गेलं.

२०११ चा सीझन बघा. फिलिप्पीने सुरुवात सुपर नोव्हात केली, अर्ध्यात टीम सोडून कोलोनी या टीममध्ये गेला आणि तिथून वर्षाच्या शेवटी दुसरा आला. टीमसाठी याहून जिव्हारी लागणारं काय असेल? त्या वर्षानंतर सुपर नोव्हा जीपी२ मधून बाहेर पडली, जागा लाझारस टीमला मिळाली.

पुढे ऑटो जीपी या खालच्या सिरीजमध्ये गाड्या होत्या ए१जीपीच्या जुन्या लोला, इंजिन झायटेकचं, म्हणजे परत तीच ओळखीची जोडी. आणि काय झालं, २०१२ ला एड्रियन क्वेफ-हॉब्स चॅम्पियन, २०१३ ला व्हिट्टोरिओ गिरेल्ली, दोघंही सुपर नोव्हाचे. २०१३ ला गिरेल्लीने मागे टाकलेला किमिया सातो युरोनोव्हाचा होता, आणि ती टीम चालवत होता सोस्पिरी, सुपर नोव्हाचा पहिला चॅम्पियन. पुढच्या वर्षी, २०१४ ला, टायटल सोस्पिरीच्या टीमकडे गेलं.