मिल्क थिसल आणि पिवळा धोत्रा: पान सारखं, बी वेगळं

मराठवाड्यात बांधावर, रेल्वेरुळाच्या कडेला, पडीक रानात हिवाळा लागला की पिवळा धोत्रा दिसू लागतो. निळसर हिरवी काटेरी पानं, त्यावर पांढऱ्या शिरा. लिव्हरच्या गोळ्यांच्या डब्यावर मिल्क थिसलचं चित्र असतं, त्याचं पानही काटेरी आणि पांढऱ्या शिरांचं. त्यात धोत्र्याचा चीक पिवळा, आणि पिवळ्या चिकानं कावीळ उतरते हा समज जुना. हे सगळं जुळून आलं की बांधावरचंच बी वाटून घ्यावंसं वाटतं. ते घेऊ नका, ते विष आहे.

ओळखायला सोपं आहे. मिल्क थिसल करडईच्या कुळातलं. फूल जांभळं, करडईसारखंच बोंडावर येणारं. बी 5 ते 7 मिलिमीटर लांब, चपटं, तपकिरी-काळं, चकचकीत. हे झाड मूळचं भूमध्य सागराच्या भोवतालचं. आपल्या बांधावर ते उगवत असेल असं धरून चालू नका. पिवळा धोत्रा अफूच्या कुळातला, मूळचा मेक्सिकोचा. फूल पिवळं, पाकळ्या कागदासारख्या पातळ. पान तोडलं की पिवळा चीक येतो. बी गोल, काळपट, मोहरीएवढं.

मोहरीएवढं, हीच खरी अडचण. सुटी मोहरी घेताना चिमूटभर तळहातावर पसरून बघा. मोहरीचा दाणा गुळगुळीत असतो आणि दाबला की आत पिवळा निघतो. धोत्र्याचं बी खरबरीत असतं आणि आत पांढरं. या बियांच्या तेलात सँग्विनरीन नावाचं विष असतं. त्यानं बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन पाझरतात आणि अंगात पाणी साठतं. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात हे तेल मिसळलं गेलं, तेव्हा साठाहून जास्त माणसं दगावली.

सगळ्यात मोठा घोटाळा सुजेचा. धोत्र्यानं दोन्ही पाय सुजतात, आणि लिव्हर खराब झाल्यावरही सुजतात. कावीळ म्हणून धोत्र्याचं बी घेणाऱ्याला वाटतं, आजार वाढला. तो मात्रा वाढवतो. धोत्र्याच्या सुजेत पाय लालसर आणि गरम लागतात, चालताना धाप लागते, कधी डोळ्यातला दाब वाढून नजर धूसर होते. तेल घरभर वापरलं असेल तर एकाच वेळी दोघा-तिघांचे पाय सुजतात. लिव्हरच्या सुजेत बहुधा पोटात पाणी होतं, डोळे पिवळे दिसतात. धोत्र्याच्या विषावर उतारा नाही. बी, तेल लगेच बंद करायचं आणि उरलेला नमुना सोबत घेऊन सरकारी दवाखाना गाठायचा.

आता मिल्क थिसलचं. बियांतला कामाचा भाग सिलिमरिन, आणि त्यात मुख्य सिलिबिन. साधी मात्रा 140 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. बियांत सिलिमरिन साधारण दीड ते तीन टक्के असतं, म्हणून 500 मिलिग्रॅमच्या साध्या भुकटीच्या कॅप्सूलमधून 7 ते 15 मिलिग्रॅमच मिळतं. दिवसाचे 420 मिलिग्रॅम भरायचे तर 14 ते 28 ग्रॅम बी लागेल. पाण्यात सिलिमरिन फारसं विरघळत नाही, तेव्हा काढा उकळून उपयोग नाही. डब्यावर 'बी भुकटी' लिहिलंय की 'अर्क, सिलिमरिन 70 ते 80 टक्के', एवढं आधी वाचा.

परिणामाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. सिलिबिन शिरेतून देऊन युरोपात विषारी अळंबीच्या विषबाधेवर वापरतात. ती गोळी नाही. हिपॅटायटिस सी या विषाणूनं होणाऱ्या लिव्हरच्या आजाराच्या 154 रुग्णांवरची अमेरिकेतली चाचणी 2012 साली प्रसिद्ध झाली. 24 आठवडे, दिवसातून तीनदा 420 किंवा 700 मिलिग्रॅम इतकी मोठी मात्रा देऊनही एएलटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) औषध नसलेल्या गोळीपेक्षा जास्त उतरलं नाही. दारूनं झालेल्या सिरोसिसच्या, म्हणजे लिव्हर कडक होण्याच्या आजाराच्या, चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. दारू चालू ठेवून ही गोळी घेणं म्हणजे पैसे वाया.

दूषित पाण्यातून येणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. मग त्या काळात जे घेतलं त्याला श्रेय जातं, धोत्र्यालासुद्धा. गरोदर बाईला ई प्रकार जिवावर बेतू शकतो, तिला एक दिवसही घरच्या औषधावर ठेवू नका. बडबड, गुंगी, रक्ताची उलटी, पांढरट शौच, यांतलं काहीही दिसलं तर इतरांनीही थांबू नये.

गाजर गवतानं ज्यांच्या अंगाला खाज सुटते त्यांनी मिल्क थिसल जपून घ्यावं, कारण कूळ एकच. पोट ढिलं होऊ शकतं. मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर आणखी उतरू शकते, तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा आणि डबाच नेऊन दाखवा.