नंदिपद

पश्चिम भारतातील प्राचीन लेण्यांत कोरलेले एक मंगलचिन्ह. खाली वर्तुळ किंवा कमळ, त्यावर बाहेर वळलेली दोन शिंगे आणि त्यांच्यामध्ये एक टोक, असे त्याचे सर्वसाधारण रूप. यालाच बौद्ध संदर्भात ‘त्रिरत्न’ म्हणण्याचा प्रघात आहे. काही अभ्यासक ही दोन नावे वेगळ्या आकृत्यांसाठी राखून ठेवतात, परंतु लेण्यांतील प्रत्यक्ष नमुन्यांत ही सीमारेषा सहसा पाळलेली दिसत नाही. लेण्यांतील वापर स्थूलमानाने इ.स.पू. दुसरे ते इ.स. तिसरे शतक असा धरला जातो. तो मुख्यतः सोबतच्या ब्राह्मी अक्षरांच्या वळणावरून ठरवलेला आहे, त्यामुळे शतकभराची मागेपुढे शक्य आहे.

‘नंदिपद’ या नावाचा आधार लेण्यात नव्हे, उघड्या कातळावर सापडला. मुंबईच्या साष्टी बेटावरील आकुर्लीजवळच्या पडण टेकडीवर पावले, खुरांचे ठसे आणि छोटे लेख कोरलेले होते. त्यांतील या चिन्हाजवळ ‘नंदिपअं’ अशी अक्षरे पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी वाचली. संस्कृत ‘नन्दिपदम्’मधील ‘द’चा लोप प्राकृताच्या नियमाला धरूनच आहे. चिन्ह आणि त्याचे समकालीन नाव एकत्र मिळावे, असा योग भारतीय पुरातत्त्वात दुर्मिळ. भगवानलालांनी त्याचा अर्थ नंदीच्या, म्हणजे शिवाच्या बैलाच्या, खुराचा ठसा असा केला. कुषाण राजा विम कडफिसेस याच्या शिव व बैल असलेल्या नाण्यांवर हेच चिन्ह आढळते, ही गोष्ट या मताला पोषक आहे. तथापि शिवाच्या बैलाला ‘नंदी’ हे विशेषनाम रूढ होणे बरेच उत्तरकालीन दिसते. ‘नंदि’चा जुना अर्थ आनंद, समृद्धी असा असल्याने ‘मांगल्याचे पद’ हा अर्थ अधिक संभवनीय वाटतो.

त्यापूर्वी 1854 मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी सांचीच्या तोरणांवरील या आकृतीत महाभूतांची बीजाक्षरे गुंफलेली आहेत, असे प्रतिपादन केले होते. ते कल्पक आहे, पण आज ते कोणी फारसे स्वीकारत नाही. बुद्ध, धर्म आणि संघ या तीन रत्नांशी तीन टोकांची सांगड घालणे सोपे. मात्र मथुरेच्या जैन आयागपटांवरही (पूजेसाठीच्या कोरीव शिलापटांवरही) हे चिन्ह येते, तेव्हा केवळ चिन्ह पाहून लेण्याचा पंथ ठरवणे धोक्याचे ठरते. मावळातील पाले येथील लेण्याचा वाद याच जातीचा: तेथील लेखाच्या आरंभीचे ‘नमो अरहंतानं’ ह. धी. सांकलिया व शोभना गोखले यांनी जैन मानले. पण अर्हतांना वंदन बौद्धांतही होतेच.

जुन्नर परिसरात चिन्हांचे स्थान विशेष बोलके आहे. तेथील अनेक दानलेखांच्या आरंभी किंवा अखेरीस नंदिपद वा स्वस्तिक कोरलेले दिसते. नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेखांत जेथे ‘सिधं’ (सिद्धम्) हा मंगलवाचक शब्द येतो, तीच ही आरंभीची जागा. म्हणजे येथे चिन्ह चित्र म्हणून नव्हे, तर वाचनाचा भाग म्हणून योजलेले असावे. आज आपण पत्रिकेच्या माथ्यावर ‘श्री’ लिहितो, तसे. अखेरचे स्वस्तिक तर जवळजवळ विरामचिन्हाचे काम करते. पंथप्रतीक आणि मंगलचिन्ह या दोन अर्थांत निवड करायची झाल्यास जुन्नरचा पुरावा दुसऱ्याकडे झुकतो.

लेखाशिवाय आलेल्या चिन्हांचा अर्थ लावणे अधिक कठीण. भाजे येथील चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या, काही खांबांवर फुले व तत्सम चिन्हे उठावात आहेत. ती मूळ योजनेतील की नंतरची भर, यावर एकमत नाही. लेख असला तरी गुंता उरतोच: जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातील भूतलेण्याच्या दर्शनी कमानीत गजलक्ष्मी आहे आणि तेथील लेखात गर्भद्वाराचे दान देणारा चंद नावाचा यवन (ग्रीक) येतो. देवी लोकमान्य, दाता परकी वंशाचा, वास्तू बौद्ध.

पाहणीत एक अडचण नेहमीची. चिन्हे उथळ छिन्नीने कोरलेली असल्याने उजेड समोरून पडला की रेषा नाहीशा होतात. तिरप्या उन्हातच त्या उठून दिसतात. शेंदूर, तेल वा चुना यांचे थर चढले की नंदिपदाचे मधले टोक तेवढे ठळक राहून त्याचा त्रिशूळ होतो, आणि मग भाविक त्याची त्याच नावाने पूजा करतात. ओल्या कागदाच्या ठशावर मात्र शिंगांचे वळण व खालचे वर्तुळ स्पष्ट उमटते.