डोक्यातला सोरायसिस

डोक्याच्या त्वचेवर लालसर जाड चट्टे उठून त्यांवर चंदेरी पापुद्रे साठवणारा, वर्षानुवर्षे कमीजास्त होत राहणारा विकार. निरोगी त्वचेची पेशी तळातून वर येऊन गळायला साधारण महिना घेते. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा विनाकारण चेतते आणि हाच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. कच्च्या पेशी गळण्याआधीच थरावर थर चढतात. अंगात आनुवंशिक कल असतो. घशाचा संसर्ग, मानसिक ताण, दारू, धूम्रपान, रक्तदाबाची काही औषधे यांनी विकार उसळतो.

यात जंतू नसतो, त्यामुळे फणी, उशी, पंचा यांतून तो पसरत नाही. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ मध्ये तो कुष्ठरोगापासून स्पष्टपणे वेगळा काढला. तरीही घरात एखाद्या मुलीची फणी वेगळी ठेवली जाते. त्याला काहीही आधार नाही आणि तिला मात्र ते रोज लागते.

कोकणात हा विकार ओळखायला उशीर होण्यामागे पावसाचाही हात आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ओले केस तसेच बांधले जातात, अंगावर नायटा सर्रास उठतो, आणि डोक्यातले चट्टेही ‘नायटा’, ‘खवडे’ किंवा ‘कोंडा’ म्हणून खपतात. मग दुकानातून आणलेली, दाह दाबणारे स्टेरॉइड आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब चोळली जाते. चार दिवस बरे वाटते, आणि ट्यूब थांबली की आग दुपटीने परतते. ओळखायची खूण अशी: कोंडा सुटा, तेलकट, पिवळसर असतो, सोरायसिसचा चट्टा बोटाला जाड लागतो, त्याची कड स्पष्ट असते आणि तो केसांची रेषा ओलांडून कपाळावर, कानामागे, मानेवर उतरतो. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असले तर संशय बळावतो. लहान मुलाच्या डोक्यात चट्ट्यावरचे केस तुटलेले दिसले तर मात्र बुरशीची तपासणी करून घ्यावी.

सर्वांत मोठी चूक म्हणजे खरवडणे. उवांच्या बारीक फणीने पापुद्रा ओढला की खाली रक्ताचे टाचणीएवढे ठिपके दिसतात, आणि जखम झालेल्या जागी नवा चट्टा उठू शकतो. पापुद्रा मऊ करून सोडवावा लागतो, आणि इथे घरचे खोबरेल खरोखर उपयोगी पडते. रात्री चट्ट्यांवर जिरवावे, सकाळी हलक्या हाताने धुवावे. तेल औषध नव्हे. ते औषधाला वाट करून देते. कोंड्याची प्रवृत्ती असेल तर तेल दिवसेंदिवस डोक्यात ठेवू नये.

पापुद्रे सुटण्यासाठी सॅलिसिलिक आम्ल आणि कोलटार शाम्पू वापरतात. शाम्पू पाचदहा मिनिटे डोक्यावर ठेवून मगच धुवायचा. दाह कमी करायला मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल या स्टेरॉइडचे लोशन आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या जातीचे कॅल्सिपोट्रिऑल देतात. लोशन केसांवर ओतून काही होत नाही: ओळीओळीने भांग पाडून थेंब कातडीवर सोडावा लागतो. तीव्र स्टेरॉइड डॉक्टरांनी सांगितलेल्या मोजक्या आठवड्यांपुरतेच वापरावे आणि त्यांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे. कोकणात ऊन भरपूर असले तरी केस ते अडवतात, म्हणून अंगावरच्या चट्ट्यांना होणारा उन्हाचा फायदा डोक्याला फारसा मिळत नाही.

एवढ्याने भागले नाही तर प्रतिकारयंत्रणेला आवरणाऱ्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या देतात. या गोळ्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात; चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. रक्ताची व यकृताची तपासणी चालू ठेवावी लागते, दारू टाळावी लागते आणि गर्भारपणात त्या वर्ज्य आहेत. त्यापुढे प्रतिकारयंत्रणेतले नेमके दुवे रोखणारी जैविक इंजेक्शने आहेत, प्रभावी पण महाग. सकाळी उठताना बोटांचे सांधे आखडत असतील किंवा टाच दुखत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण हाच विकार सांध्यांतही उतरतो.

गळालेले केस बहुतेकदा परत येतात. मुंडन केल्याने रोग जात नाही. लोशन लावणे तेवढे सोपे होते, आणि वस्तऱ्याची खरचट टाळण्यासाठी केस मशीनने बारीक करणे बरे.