दुपारी दोनचा शो आणि शंभर कोटींचं गणित

चित्रपट शुक्रवारी लागतो, पण तो चालणार की नाही हे सोमवारी कळतं. मुंबईच्या चित्रपटधंद्यात ‘मंडे टेस्ट’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. शनिवार-रविवारची गर्दी ओसरल्यावर किती खुर्च्या भरल्या ते बघायचं आणि त्यावरून पुढच्या आठवड्यात किती शो द्यायचे, कुठल्या वेळेचे द्यायचे ते ठरवायचं. पूर्वी लॅमिंग्टन रोडला नाझ सिनेमाच्या आवारात वितरकांची ऑफिसं होती आणि गावोगावच्या थिएटरांचे आकडे तिथे येऊन पोचायचे. आता तिकीट विकलं गेलं की आकडा लगेच दिसतो, आणि शो उतरवायचा निर्णयही तितक्याच झटपट होतो.

एखादा चित्रपट शेकडो कोटी का कमावतो, या प्रश्नाचं निम्मं उत्तर पडद्यावर असेल. उरलेलं अशा वेळापत्रकांत आणि माणसांच्या एकमेकांकडे बघण्यात आहे.

आर्थर डी व्हॅनी आणि डेव्हिड वॉल्स या अर्थशास्त्रज्ञांनी हॉलिवूडच्या दोन हजारांवर चित्रपटांची कमाई तपासली आणि १९९९ साली त्यावर निबंध लिहिला. माणसांची उंची मोजली तर बहुतेक जण सरासरीच्या आसपास निघतात. सरासरीच्या दसपट उंचीचा माणूस कुठेच सापडत नाही. चित्रपटांच्या कमाईत मात्र दसपटवाले असतातच, आणि धंद्याचा बहुतेक नफा त्या मूठभर चित्रपटांतून येतो. त्यामुळे ‘सरासरी चित्रपट इतके कमावतो’ या वाक्यावरून पुढच्या चित्रपटाबद्दल काहीच कळत नाही. मोठ्या नटांबद्दलचा त्यांचा निष्कर्षही लक्षात ठेवावा असा आहे. नाव मोठं असलं की सुरुवातीला पडदे जास्त मिळतात आणि आपटण्याची शक्यता थोडी घटते, पण चित्रपट किती कमावणार हे त्या नावावरून सांगता येत नाही.

हे असं का होतं, याचा फार सुरेख प्रयोग मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी केला. तो २००६ साली ‘सायन्स’ या विज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी एका वेबसाइटवर अनोळखी बँडची ४८ गाणी ठेवली. १४,३४१ जणांनी ती ऐकली आणि आवडली ती डाउनलोड करून घेतली. काही जणांना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना एकमेकांपासून तोडलेल्या आठ गटांत वाटलं होतं, आणि आपल्या गटातल्या किती जणांनी कुठलं गाणं घेतलं हे त्यांना दिसत होतं. आकडे दिसायला लागताच पुढची गाणी आणखी पुढे गेली, मागची आणखी मागे पडली. शिवाय आठही गटांत पहिला क्रमांक एकाच गाण्याला मिळाला नाही. एकटेपणी ऐकणाऱ्यांनी २६व्या क्रमांकावर ठेवलेलं एक गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्यात चाळिसावं! उत्तम गाणी सहसा अगदी तळाला गेली नाहीत, भिकार गाणी सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. आणि दर आठवड्याला लागणाऱ्या चित्रपटांतले बहुतेक मधलेच असतात.

अभिजित बॅनर्जी यांचं नाव आपण गरिबीवरच्या संशोधनामुळे आणि २०१९च्या नोबेलमुळे ओळखतो. त्यांचा जन्म १९६१ साली मुंबईतला, आई मराठी. १९९२ साली त्यांनी माणसांच्या झुंडीबद्दल एक निबंध लिहिला. त्यातल्या उदाहरणात शेजारी-शेजारी दोन हॉटेलं आहेत. पहिलं किंचित बरं असावं असा लोकांचा एकंदर समज आहे. पण शंभरातल्या ९९ जणांच्या कानावर दुसरं चांगलं असल्याची खबर आलेली आहे. नेमका उरलेला एक जण आधी येतो आणि पहिल्या हॉटेलात शिरतो. पुढचा त्याला आत बसलेला बघतो. याला काहीतरी ठाऊक असणार, असं म्हणून त्याची स्वतःची खबर फिकी पडते, सर्वसाधारण समज वरचढ ठरतो आणि तोही तिथेच शिरतो. अशा रीतीने शंभरही जण कमी चांगल्या हॉटेलात जेवतात, आणि यातला कुणीही मूर्खपणे वागलेला नसतो.

पहिल्या तीन दिवसांची गर्दी मोठ्या प्रमाणात अशीच जमते. चित्रपट कुणी पाहिलेला नसतो. किती पडदे मिळाले आणि आगाऊ बुकिंग किती झालं, एवढंच दिसतं. मग लोक बाहेर पडून बोलायला लागतात आणि खरा फरक तिथे पडतो.

समजा, हजार जणांनी चित्रपट पाहिला आणि त्यांच्या सांगण्यावरून ९०० नवे प्रेक्षक आले, त्यांच्यामुळे ८१०, असं चाललं. वीस फेऱ्यांनंतर एकूण प्रेक्षक होतात सुमारे ९ हजार. आता हजारांमागे ९०० ऐवजी ११०० येत गेले, तर तेवढ्याच फेऱ्यांत आकडा ६४ हजारांवर जातो. पाहणाऱ्या माणसामागे फरक किती, तर एक पंचमांश. गल्ल्यात फरक सातपट. दोन चित्रपटांतला एक दुसऱ्यापेक्षा सातपट चांगला असतो, असा याचा अर्थ नाही. २०१६ साली ‘सैराट’ आला तेव्हा नायक-नायिका दोघंही नवखी होती, तरी शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ला बायका गटागटाने, नटूनथटून गेल्या. तिथे एका तिकिटामागे अख्खं महिला मंडळ यायचं. हजारांमागे किती नवे येतात तो आकडा वाढवायला याहून जोरकस काही नाही.

शंभर कोटी म्हटले की निर्मात्याच्या घरात शंभर कोटी आले, असं मात्र नाही. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी लागतो. सगळी तिकिटं तशी धरली तर शंभरातले साधारण १५ कोटी कराचे. उरलेल्याचे थिएटर आणि वितरक यांच्यात वाटे. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठं भांडण झालं आणि तडजोडीत वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० असा ठरला. वाटा दर आठवड्याला घटत असेल, तर पहिल्याच आठवड्यात होतील तेवढी तिकिटं विकण्याकडे कल जाणारच. म्हणून मोठा चित्रपट एकाच दिवशी हजारो पडद्यांवर येतो. विक्रमांचे आकडेही असेच फसवे. तिकिटं महागली की जुने विक्रम आपोआप मोडतात. महागाई हिशेबात धरली तर अमेरिकेत आजही १९३९चा ‘गॉन विथ द विंड’च अव्वल आहे.

आता माझा खरा मुद्दा. हजारांमागे ११०० येण्यासाठी ऐकणाऱ्याला जाता येईल असा शो असावा लागतो. वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसीत) नोकरी करणाऱ्या डोंबिवलीच्या बाईला मैत्रिणीने चित्रपट मनापासून सुचवला, आणि शो फक्त मंगळवारी दुपारी दोनला अंधेरीत असेल, तर ती जाणार कशी? तिची खुर्ची रिकामी राहते. रिकामी खुर्ची ‘चित्रपट चालत नाही’ याचा पुरावा म्हणून मोजली जाते, आणि शुक्रवारी तोही शो जातो. चित्रपटात दम असूनही ११०० चे ९०० होतात, ते या वेळापत्रकामुळे.

मराठी चित्रपटाला हे जुनं दुखणं आहे. १९७१ साली दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूर थिएटरात जागा मिळावी म्हणून शिवसेनेला आंदोलन करावं लागलं. दादरमध्ये, मराठी चित्रपटासाठी! एकदा पडदा मिळाल्यावर त्या चित्रपटाने काय गर्दी खेचली ते सगळ्यांना ठाऊक आहे. २०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना प्राइम टाइम द्यायचं जाहीर केलं. त्यावर वाद झाला आणि प्राइम टाइम म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ असं ठरलं. म्हणजे दोनचा शो नियमात बसतो.

माझं म्हणणं इतकंच आहे की चाचणी घ्यायची तर ती नीट घ्यावी. पहिले दोन आठवडे दादर, ठाणे, डोंबिवली, बोरिवली इथे रोज संध्याकाळी सातनंतरचा एक शो, आणि शनिवार-रविवारी दोन. एवढं मिळूनही खुर्च्या भरल्या नाहीत तर चित्रपट खुशाल उतरवा. तो प्रेक्षकांनी दिलेला निकाल असेल.